निवड झालेल्यांनो, जे घडलं ते तसंच सांगा

यंदा राज्यसेवा आणि केंद्रीय नागरी सेवा परीक्षांच्या अंतिम यादीत ज्यांची नावं आली त्या सर्वांस,



आधी मनापासून अभिनंदन. तुम्ही जे मिळवलंत त्यामागचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत. पुण्यात नवी पेठेच्या परिसरात मी अभ्यासिका चालवतो. सकाळी कुलूप उघडण्याआधी पायऱ्यांवर बसून चालू घडामोडींचं मासिक वाचणारी मुलं रोज दिसतात. रात्री दिवे बंद करायला गेलं की 'काका, दहाच मिनिटं' म्हणणारीही भेटतात. महिनाअखेरीला मेसमध्ये खाडा टाकून एका वेळचे पैसे वाचवणारी मुलं मला चेहऱ्यावरून ओळखता येतात. तुमच्यातले काही जण याच टेबलांवर बसत होते आणि निकालाच्या संध्याकाळी पेढे घेऊन आले. तेव्हा हे पत्र परक्याचं समजू नका.

येत्या काही महिन्यांत तुम्हाला ठिकठिकाणी बोलावतील. गावात उघड्या जीपमधून मिरवणूक निघेल, ग्रामपंचायत सत्कार करेल, शाळेत कार्यक्रम होईल, समाजाच्या मंडळाचा गुणगौरव सोहळा असेल, मग क्लासवाल्यांची व्याख्यानं सुरू होतील. समोर दोन-चारशे मुलंमुली वह्या उघडून बसलेली असतील. तुम्ही किती वाजता उठत होता, कोणतं पुस्तक किती वेळा वाचलंत, हे सगळं ती उतरवून घेतील आणि त्याच रात्री त्यावरून स्वतःचं वेळापत्रक बदलतील. मला तुमच्याशी त्या भाषणाबद्दल बोलायचं आहे. मागणं एकच आहे. जे घडलं ते घडलं तसं, पुरतं सांगा.

अशी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. घरची दोन एकर कोरडवाहू जमीन, आईची मजुरी, पंधरा-सोळा तासांचा अभ्यास, बंद केलेला मोबाइल, चुकवलेली लग्नं आणि सण, सुरुवातीचं अपयश, आणि शेवटी, 'मला जमलं तर तुम्हालाही जमेल.' यातलं बहुतेक सगळं खरं असतं, याबद्दल मला शंका नाही. पण ऐकणाऱ्या मुलाच्या घरीही दोनच एकर असतात. त्याचीही आई खुरपायला जाते. तोही चार वर्षांत गावच्या जत्रेला गेलेला नसतो. तुमची गोष्ट संपते तेव्हा त्याच्या हाती एकच हिशेब उरतो: सगळं सारखंच होतं, तरी माझं नाव यादीत नाही, म्हणजे मीच कमी पडलो. हे 'मीच कमी' एकदा मनात बसलं की निघता निघत नाही. वय उलटून गेलेली, परीक्षा सोडून दिलेली माणसंही ते घेऊन जगताना मी पाहतो. ती घरी फोन करत नाहीत, शाळेच्या मित्रांच्या लग्नाला जात नाहीत, कुणी 'सध्या काय करतोस' विचारलं की बोलणं दुसरीकडे नेतात.

तो हिशेब चुकीचा आहे. हे मी सांगून पटत नाही. तुम्ही सांगितलंत तर पटेल.

केंद्रीय लोकसेवा आयोगाची २०२४ ची नागरी सेवा परीक्षा घ्या. अर्ज जवळजवळ दहा लाख. पूर्व परीक्षेला प्रत्यक्ष बसले ५ लाख ८३ हजार. मुख्य परीक्षेपर्यंत पोचले १४,६२७, मुलाखतीपर्यंत २,८४५, आणि शिफारस झाली १,००९ जणांची. देशात पहिल्या आलेल्या उमेदवाराला २,०२५ पैकी १,०४३ गुण होते, म्हणजे साडेएक्कावन्न टक्के. खुल्या गटातून शेवटची निवड ९४७ गुणांवर थांबली. पहिला क्रमांक आणि खुल्या गटाचा उंबरठा यांच्यात शंभर गुणांचंही अंतर नाही. त्या एवढ्याशा पट्ट्यात शेकडो माणसं दाटीवाटीने उभी असतात, आणि निबंधाच्या एका पेपरात किंवा २७५ गुणांच्या मुलाखतीत चार-सहा गुण इकडेतिकडे झाले की कुणी मसुरीला जातो आणि कुणी माझ्या अभ्यासिकेत पुढच्या महिन्याचे पैसे भरायला येतो. दोन उमेदवारांचे गुण तंतोतंत सारखे आले तर आयोग आधी सक्तीचे पेपर आणि मुलाखत यांचे एकत्रित गुण बघतो. तेही सारखे निघाले तर वयाने मोठा असेल त्याला वर ठेवतो. कुठेतरी रेघ ओढावीच लागते, म्हणून आयोग हा नियम लावतो, आणि त्यात गैर काही नाही. पण त्या रेघेच्या अलीकडे राहिलेला माणूस कमअस्सल आहे, असं आयोगानेही कधी म्हटलेलं नाही. उलट मुलाखतीपर्यंत जाऊन निवड न झालेल्यांची माहिती, त्यांच्या संमतीने, इतर नोकरी देणाऱ्यांपर्यंत पोचवण्याची सोय आयोगाने स्वतः केली आहे. 'प्रतिभा सेतू' हे तिचं आताचं नाव. परीक्षा घेणारी संस्थाच सांगते आहे की ही माणसं कामाची आहेत. गावातल्या कट्ट्यावर मात्र त्यांना 'याचं काही झालं नाही' एवढंच ऐकावं लागतं.

आणखी एक आकडा भाषणात येत नाही. २०२१ च्या नागरी सेवा परीक्षेतून ६८५ जणांची शिफारस झाली होती आणि २०२३ च्या परीक्षेतून १,०१६ जणांची. जागा त्या त्या वर्षी सरकारला किती हव्या आहेत यावर ठरतात. तुमचा अभ्यास तोच, तुमची बुद्धी तीच, पण तुमच्या तयारीचा भर कोणत्या वर्षी आला यावर दार किती उघडं असेल हे ठरतं. राज्यसेवेत तर हे आपण फार सोसलं आहे. १४ मार्च २०२१ ची पूर्व परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली तेव्हा शास्त्री रस्त्यावर उतरलेली मुलं तुम्हाला आठवत असतील. तुमच्यातलेही काही त्यांत होते. २०१९ च्या राज्यसेवेत निवड झालेल्यांचा निकाल जून २०२० मध्ये लागला, आणि नियुक्तीसाठी त्यांना त्यानंतर वर्षाहून अधिक थांबावं लागलं. 'साहेब' म्हणून गावाने सत्कार केलेली माणसं घरी बसून होती. मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ होती ती २०२५ पासून वर्णनात्मक झाली. वर्षानुवर्षं पर्याय ओळखायचा सराव केलेल्या मुलांना लिहिण्याचा सराव पहिल्यापासून करावा लागला. या सगळ्यात कुणाचं वर्ष जमून आलं आणि कुणाचं हातचं गेलं. ज्याचं गेलं त्याची मेहनत खोटी नव्हती.

मेहनत लागत नाही, असं मी म्हणत नाही. आळशी माणूस या यादीत येत नाही. पण मेहनत केलेली असंख्य माणसं यादीबाहेर आहेत, हेही तितकंच खरं आहे, आणि व्यासपीठावरून दुसरं वाक्य कुणी उच्चारत नाही.

तुम्ही ते उच्चारा. आणि त्याबरोबर बाकीचंही सांगा. पाच-सहा वर्षं खोलीभाडं, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज यांचे पैसे कुणी दिले? थोरला भाऊ कंपनीत पाळ्या करत होता का? बार्टी, सारथी किंवा महाज्योतीचं विद्यावेतन मिळत होतं का? मिळत असेल तर ते अभिमानाने सांगा, तो लोकांच्या पैशातून मिळालेला हक्काचा आधार आहे, आणि पुढच्या मुलाला अर्ज कुठे करायचा हे त्यातून कळेल. तुम्ही आधीच एखाद्या पदावर होता का? उपजिल्हाधिकारी म्हणून निवड झालेल्या कितीतरी जणांकडे त्याआधी विक्रीकर निरीक्षकाचं किंवा कक्ष अधिकाऱ्याचं पद होतं, महिन्याला पगार होता, अभ्यासासाठी रजा घेता येत होती. पदरात काही असताना दिलेली परीक्षा आणि शेवटची संधी म्हणून दिलेली परीक्षा यांत छातीवरच्या दडपणाचा फरक किती मोठा असतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते दडपण नव्हतं म्हणून पेपर बरा गेला, असं कुणी सांगितलं तर समोरच्या शंभरातले पन्नास तरी आधी हाताशी एखादी नोकरी धरतील. त्यांच्या आयुष्याला त्या एका वाक्याने वळण लागेल.

बहिणींचं तर सांगाच. मुलाच्या शेवटच्या प्रयत्नापर्यंत घर थांबतं. मुलीला मात्र घरातून निघतानाच बजावलेलं असतं: 'दोन अटेम्प्ट दे, मग आमचं ऐकायचं.' पूर्व परीक्षेचा निकाल आणि पाहण्याचा कार्यक्रम एकाच आठवड्यात आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या वयाची मर्यादा सरकारने ठरवलेली नव्हती, ती नातेवाइकांनी ठरवली होती. राज्यसेवेला खुल्या गटासाठी ३८ वर्षांपर्यंत मुभा आहे. त्यातली पंचवीस-सव्विसाच्या पुढची वर्षं आपल्याकडे किती मुलींच्या वाट्याला येतात? आणि कितीतरी घरांत मुलाला पुण्याला ठेवता यावं म्हणून मुलीचं शिक्षण तालुक्याच्या कॉलेजवर थांबवलेलं असतं. निवड झालेल्या भावाने व्यासपीठावर 'माझ्या बहिणीने माझ्यासाठी तिचं शिक्षण थांबवलं, ते आता मी पुरं करणार आहे' एवढं म्हटलं तर समोर बसलेल्या आईबापांवर त्याचा परिणाम दहा व्याख्यानांपेक्षा जास्त होईल. ज्या मुलींनी या सगळ्यातून वाट काढून पद मिळवलं त्यांनी घरच्यांशी काय बोलावं लागलं, कुणी पाठीशी उभं राहिलं, हे उघड सांगावं. माझ्या अभ्यासिकेतल्या मुलींना अभ्यासाच्या युक्त्यांपेक्षा त्या बोलण्याची जास्त गरज आहे.

आता फलकांविषयी. निकालानंतर आठवड्याभरात टिळक रस्त्यापासून अलका चौकापर्यंत तुमचे चेहरे झळकतात. तोच चेहरा एका फलकावर एका क्लासचा, शेजारच्या फलकावर दुसऱ्याचा. गावाकडून आलेला बाप ते फलक बघून मुलाची फी ठरवतो. ती भरायला कुणी बैल विकतं, कुणी सोसायटीचं कर्ज काढतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा जाहिराती तपासल्या तेव्हा काय निघालं? क्लासने आपले म्हणून मिरवलेले अनेक यशस्वी उमेदवार पूर्व आणि मुख्य परीक्षा स्वतःच्या बळावर पार करून केवळ मुलाखतीच्या मार्गदर्शनापुरते तिथे गेले होते, आणि जाहिरातीत ते लपवलेलं होतं. काही संस्थांना दंड झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार तुमचं नाव किंवा फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर तुमची लेखी संमती घ्यावी लागते. प्रवेशाच्या वेळी अर्जावर घेतलेली सही चालत नाही. तुम्ही कोणता कोर्स केला, किती काळाचा, त्याचे पैसे तुम्ही भरले होते की नाही, हे जाहिरातीत सांगावं लागतं.

म्हणजे किल्ली तुमच्या हातात आहे. दोन दिवसांच्या मॉक इंटरव्ह्यूला गेला असाल तर संमतीपत्रावर दोन दिवसांचा मॉक इंटरव्ह्यू असंच लिहा आणि फलकावरही तेच छापायला सांगा. कुणी मुलाखतीपूर्वी आपुलकीने मदत केलेली असते, नाही म्हणताना जड जातं, हे मी समजू शकतो. त्यांचे आभार खासगीत माना, घरी जाऊन पाया पडा. पण तुमच्या चेहऱ्याखाली छापलेली अर्धी गोष्ट ही तुमच्या नावाने केलेली फसवणूक आहे, आणि फसणारा माणूस तुमच्याच वडिलांसारखा आहे. सेवेत रुजू होण्याआधी तुमच्या सचोटीची ही पहिली परीक्षा आहे, असं मी मानतो. इथे ढिलाई झाली तर पुढे फाइलवर सही करताना ती होणार नाही, याची खात्री कुणी द्यावी?

दुसरी परीक्षा लग्नाच्या बैठकीत होते. पद मिळालं की स्थळं येतात आणि स्थळांबरोबर आकडे येतात. तहसीलदाराचा एक, उपजिल्हाधिकाऱ्याचा त्याहून मोठा, हे आपल्याकडे उघड बोललं जातं. १९६१ पासून हुंडा कायद्याने गुन्हा आहे आणि तुम्ही तोच कायदा राबवणार आहात. ज्यांनी समोर आलेला आकडा नाकारला त्यांनी भाषणात तोही प्रसंग सांगावा. मुलं मोठ्या संख्येने ऐकत असतात. पदाचा उपयोग माणसाची बोली लावण्यासाठी होत नाही, हे त्यांना कुणीतरी पद मिळवलेल्यानेच सांगायला हवं.

आणि सुखाबद्दलही खरं बोला. अभ्यासिकेत एक समजूत फार पक्की आहे: पोस्ट निघाली की सगळं ठीक होईल. घरचं कर्ज, आईचं दुखणं, चारचौघांत वाटणारी लाज, मोडलेलं लग्न, रात्री न येणारी झोप, सगळं त्या एका यादीवर टाकलेलं असतं. यादीत नाव आलेल्यांकडून मी जे ऐकतो ते थोडं निराळं आहे. महिना-दोन महिने गुलाल अंगावर असतो. मग प्रशिक्षण सुरू होतं, आणि तिथे पहिल्या दिवसापासून नवी उतरंड दिसते. नायब तहसीलदाराला तहसीलदार दिसतो, तहसीलदाराला उपजिल्हाधिकारी, त्याला भारतीय प्रशासन सेवेतला. मिळालेल्या खुर्चीत एक दिवसही मन लावून न बसता पुढच्या परीक्षेचे फॉर्म भरणारे माझ्या ओळखीचे आहेत. दहा वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस येऊन गेला, आणि तो त्यांना जगताच आला नाही. उलट लिपिक म्हणून लागलेली एक मुलगी मला भेटायला येते. कार्यालय सुटल्यावर आईला घेऊन बागेत जाते, लहान भावाचा अभ्यास घेते, आणि तिच्या बोलण्यात जी स्वस्थता आहे ती मला मोठ्या पदांवरच्या कितीतरी जणांत सापडलेली नाही. पगार आणि सुरक्षितता यांनी खूप प्रश्न सुटतात, गरिबीत वाढलेल्या कुणालाही हे नाकारता येणार नाही. पण स्वतःला कमी लेखायची सवय लागली असेल तर ती पदाने सुटत नाही. निवडीनंतरच्या पहिल्या वर्षात तुम्हाला खरोखर काय वाटलं, ते न सजवता सांगा. एकटेपणा वाटला असेल तर तेही. पुष्कळांच्या छातीवरचं ओझं हलकं होईल.

याच परीक्षांच्या वाटेवर काही मुलांनी जीव दिला आहे. तो विषय व्यासपीठावरून टाळू नका. 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक केव्हाही लावता येतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. माझ्या अभ्यासिकेच्या भिंतीवर तो लिहिला आहे. पण भिंतीवरचा क्रमांक लाजेपोटी कुणी वापरत नाही. निवड झालेल्या अधिकाऱ्याने तो माइकवरून सांगितला तर ती लाज कमी होईल.

ज्यांची निवड झाली नाही त्यांच्यातला एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोर नेहमी असतो. मराठवाड्यातला. दोनदा मुलाखतीपर्यंत गेला, वय सरलं, गावी परतला. आज तो गावातल्या शेतकऱ्यांना ई-पीक पाहणी भरून देतो, पीक विम्याची तक्रार मुदतीत कशी नोंदवायची ते सांगतो, फेरफार अडला तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहून देतो, विधवा बायकांची संजय गांधी निराधार योजनेची कागदपत्रं गोळा करतो. राज्यघटना, पंचायतराज, महसूल कायदा हे सगळं त्याने माझ्या अभ्यासिकेत बसून वाचलेलं आहे, आणि त्याचा उपयोग परीक्षेत झाला नाही तरी गावाला रोज होतो आहे. मागे गारपिटीनंतर पंचनामे झाले तेव्हा सुटलेली घरं त्यानेच तलाठ्यांना दाखवून दिली. तरी गावात त्याची ओळख 'साहेब होता होता राहिला' अशीच आहे. फोनवर तो स्वतःही तसंच म्हणतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. यशाची व्याख्या करताना आपण सगळ्यांनी मिळून केवढी मोठी चूक केली आहे, हे त्याच्या त्या वाक्यातून मला कळतं. तुमच्यापैकी कुणी त्याच्या तालुक्यात रुजू झालात तर गावसभेत त्याला शेजारी बसवा. त्याच्या कामाचं नाव घ्या.

तुमच्या आणि माझ्या महाराष्ट्राने एक फार मोठा परीक्षार्थी पाहिला आहे. चिंतामणराव देशमुख. १८९६ मध्ये महाडजवळच्या नाते गावी जन्म, १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेत पहिला क्रमांक, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. ठाण्यात १९८७ पासून स्पर्धा परीक्षांचं शिक्षण देणारी संस्था त्यांच्याच नावाने चालते, तुमच्यातले कुणी कदाचित तिथलेच असतील. या माणसाचं नाव मराठी घरांत आदराने घेतलं जातं ते कशासाठी? १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय त्यांना मान्य झाला नाही, आणि त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं, यासाठी. १९६९ मध्ये ते राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले. म्हणून ते अयशस्वी ठरले, असं कुणी म्हणत नाही. परीक्षेतला पहिला नंबर त्यांना खुर्चीपर्यंत घेऊन गेला. त्यांची किंमत ठरली ती खुर्चीवर बसून काय केलं आणि कधी उठले यावरून.

तुमचीही तशीच ठरेल. आज तुमची ओळख रँकने होते आहे. तीन वर्षांनी तुमच्या कार्यालयात आलेल्या म्हातारीला तो आकडा माहीत नसेल. तिला दाखला मुदतीत मिळाला का, तिला बसायला खुर्ची दिली का, तिच्याशी कसं बोललं गेलं, एवढंच ती घरी जाऊन सांगेल. राज्याने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा केला, प्रत्येक सेवेला दिवस ठरवून दिले. तो पाळला गेला तर तुमच्या तालुक्यातला माणूस सुखी होईल आणि तुम्हालाही झोप चांगली लागेल. सत्काराच्या शालींनी ती लागत नाही, हे निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांनी मला अनेकदा सांगितलं आहे.

शेवटी विनंती. पुढच्या कार्यक्रमाला जाण्याआधी एकदा घरच्यांसोबत बसा. आईला, भावाला, बहिणीला, खोलीत सोबत राहिलेल्या आणि निवड न झालेल्या मित्राला विचारा की या यशात कुणाचा किती वाटा होता. ते सांगतील ते लिहून घ्या आणि व्यासपीठावरून वाचून दाखवा. क्लासचा माणूस संमतीपत्र घेऊन आला तर कोर्सचं नाव आणि कालावधी लिहिल्याशिवाय सही करू नका. आणि 'मला जमलं तर तुम्हालाही जमेल' हे वाक्य कृपा करून भाषणातून काढून टाका.

तुम्हा सर्वांना पुढच्या सेवेसाठी शुभेच्छा.

आपला,
नवी पेठेतला एक अभ्यासिकाचालक